सकाळी अकराची वेळ

कॅसल हिल
१२ डिसेंबर २०२४

प्रिय यामिनीताई,

फोनवर आपलं दर वेळी भांडण होतं आणि मग रात्री जेवताना दीप्ती मला बोलते, म्हणून या खेपेला ईमेल लिहितोय. लिहिलेलं तू निदान शेवटपर्यंत वाचतेस.

रुद्र परवा अमेरिकेहून आला. कॉलेजला सुट्टी आहे, पाच आठवडे इथेच आहे. एकवीस वर्षांचा घोडा झालाय आणि सध्या फ्रिज रिकामा करणं हा त्याचा पूर्णवेळ उद्योग आहे. खरी बातमी पुढेच आहे. येत्या जुलैच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव येण्याची दाट शक्यता आहे. बेसबॉलमधलं तुला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं, तरी सांगतो. तिकडचे व्यावसायिक क्लब दर वर्षी कॉलेजच्या पोरांमधून आपले खेळाडू उचलतात, एकेक नाव पुकारून. त्याआधी त्यांची माणसं देशोदेशी हिंडून पोरं बघून ठेवतात. त्यांना स्काउट म्हणतात. आपला रुद्र आउटफिल्डर आहे, म्हणजे मैदानात सगळ्यात लांब उभा राहून उंच उडालेला चेंडू धावत जाऊन झेलणारा. त्याच्यासारखा हात आणि त्याच्यासारखे पाय एका शरीरात क्वचित मिळतात, असं त्याच्या कोचने मला स्वतः सांगितलं.

वॉरेन नावाचा स्काउट २१ तारखेला, शनिवारी, आमच्या घरी येणार आहे. तो तुमच्याच बाजूचा, किआमाचा. निवृत्त पीटी मास्तर आहे आणि एका अमेरिकन क्लबासाठी इकडची पोरं बघतो. खेळ त्याने बघितलाय, आता घर बघायचंय. मी सकाळी अकराची वेळ दिली आहे. दीप्ती कांदेपोहे करणार आहे, मिरच्या कमी टाक म्हटलंय.

आता मुद्द्याचं. हे लोक नातेवाइकांकडेही चौकशी करतात. तुझं घर त्याच्या वाटेवर आहे, तो तुझ्याकडे नक्की येईल. रुद्रबद्दल चार चांगले शब्द बोल. मिरजेचं, नानांचं, ते जुनं काही काढू नकोस. त्याचा इथे संबंध नाही. एवढं माझ्यासाठी कर.

तुझा,
भास्कर


वॉलॉंगॉंग
१५ डिसेंबर २०२४

चि. भास्कर,

पत्र शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना रुद्रचं कौतुक वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना 'सकाळी अकराची वेळ' या शब्दांपाशी थांबले आणि मला शिसारी आली.

माझे बघण्याचे चौदा कार्यक्रम झाले. तू तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होतास, पोह्यांच्या बशा तूच बाहेर नेत होतास. चौदाच्या चौदा कार्यक्रम सकाळी अकराला होते. पाहुण्यांना संध्याकाळ सोयीची असली तरी आई सांगायची, नानांचा संध्याकाळी जप असतो. नाना नगरपालिकेत कारकून होते, जपाची माळ त्यांनी जन्मात हातात धरली नाही. त्यांना अंधार पडायला लागला की दिसायचं बंद व्हायचं. घराण्यात आहे म्हटल्यावर माझं लग्न कसं जमणार, म्हणून त्या गोष्टीला आपल्या घरात नावसुद्धा नव्हतं. रातांधळेपणा हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला तो इथे विद्यापीठात शिकायला आल्यावर, एक्स-रेच्या वर्गात, आणि कुणी ऐकलं का म्हणून मागे वळून पाहिलं.

चौदावा कार्यक्रम तुला आठवत असणार. कोल्हापूरची मंडळी एसटी बंद पडल्यामुळे सकाळऐवजी तिन्हीसांजेला आली. सगळं उत्तम झालं. निघताना नानांनी मुलाच्या वडिलांना नारळ द्यायला हात पुढे केला आणि तो ओट्याच्या खांबाला दिला. सावकाश जा, असंही खांबालाच म्हणाले. मुलाचे वडील डाव्या बाजूला दोन हातांवर उभे होते. आठवड्याने पोस्टकार्ड आलं की पत्रिका जुळत नाही.

मला त्या लोकांची चीड कधीच आली नाही. नटूनथटून खाली मान घालून बसलेल्या स्वतःची आली, कारण मलाही सगळं ठाऊक होतं. ती चीड अजून गेलेली नाही, आणि आज तू कॅसल हिलच्या तुझ्या चकचकीत स्वयंपाकघरात तेच पोहे मांडून बसला आहेस.

तुला एकच विचारते आणि उत्तर एका ओळीत हवं आहे. रुद्रला संध्याकाळी दिसतं का?

यामिनी


कॅसल हिल
२२ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

तुला प्रत्येक गोष्टीत मिरज दिसते. असो. काल कार्यक्रम झाला, आणि फार छान झाला.

वॉरेन सत्तरीचा आहे. हॅट काढून, बूट काढून घरात आला. पोहे दोनदा घेतले. बोलता बोलता दीप्तीच्या खांद्यांकडे, माझ्या मनगटांकडे बघत होता. पोरगं अजून किती भरेल याचा अंदाज म्हणे आई-बापावरून येतो. दीप्तीच्या वडिलांची उंची विचारली, तिच्या भावांना टक्कल कोणत्या वर्षी पडलं तेही विचारलं. मग त्याने मला त्याची पद्धत समजावून सांगितली. फटका, ताकद, धावणं, झेल आणि फेक, अशा पाच गोष्टींना वीस ते ऐंशीच्या मध्ये गुण द्यायचे. पन्नास म्हणजे व्यावसायिकांमधला साधारण खेळाडू. रुद्रच्या धावण्याला त्याने सत्तर दिलेत आणि फेकीला पासष्ट. ताई, माझ्या मुलाला. मी शाळेत पीटीच्या तासाला झाडाखाली बसायचो हे तुला माहीत आहे. रात्री मला झोप लागली नाही.

तू म्हणशील आता बैलाचे दात मोजले का. मोजले. त्याने भिंतीवर तक्ता लावून डोळे तपासले आणि रुद्रने शेवटची ओळ धडाधड वाचली. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्यानंतर एक चार पानी फॉर्म भरायचा होता. घराण्यात हृदयविकार, मधुमेह, डोळ्यांचे आजार वगैरे. मी भरून दिला.

रुद्र २७ तारखेला ट्रेनने तुझ्याकडे येतोय, चार दिवस राहील. आत्याच्या हातची आमटी हवी म्हणतोय. त्याच्या डोक्यात काही भरवू नकोस, प्लीज.

तुझा,
भास्कर


वॉलॉंगॉंग
३१ डिसेंबर २०२४

भास्कर,

आज दुपारच्या गाडीने रुद्र निघतो म्हणाला होता. मी त्याला ठेवून घेतलं आहे. का ते सांगते.

दारात उभा राहिला तेव्हा पहिल्यांदा त्याच्या डाव्या डोळ्याखालची खूण दिसली. हे काय म्हणून विचारलं तर बॅट निसटून लागली म्हणाला. मी तीस वर्षं लोकांची मोडलेली हाडं बघते आहे. म्हटलं, बॅट अशी लागत नाही. तो हसला आणि आमटी मागितली.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दीपगृहापर्यंत फिरायला गेलो. सूर्य मावळेपर्यंत मजेत होता, मला धावण्याची शर्यत लावायला सांगत होता. परतताना सव्वाआठ झाले असतील. उन्हाळ्याचा उजेड रेंगाळत होता, माणसं चांगली दिसत होती, पोरं अजून किनाऱ्यावर खेळत होती. आणि तुझा मुलगा बोलायचा थांबला. मग त्याने माझ्या कोपराला हात लावला, अगदी सहज, जसा म्हाताऱ्या आत्याला आधार देतोय. पायऱ्या आल्या तेव्हा मला कळलं की आधार कोण कुणाचा घेतोय. नाना आईच्या पदराच्या टोकाला असंच नकळत बोट लावून चालायचे.

बाकावर बसवून विचारलं, "रुद्र, तुला आत्ता काय दिसतंय?"

तो म्हणाला, "आत्या, इट्स नो बिग डील. डॅड सेज एव्हरीवन्स लाइक दॅट ॲट नाइट."

भास्कर, तू या मुलाला सांगितलंस की सगळ्यांनाच असं दिसतं. त्याने ते खरं मानलं आणि तेव्हापासून तो स्वतःला भित्रा समजतो. कारण बाकीची पोरं रात्रीच्या सामन्यात चेंडू झेलतात आणि याला जमत नाही, म्हणजे आपल्यातच धैर्य कमी आहे, असा त्याचा हिशोब. तिकडचे बरेच सामने संध्याकाळी दिव्यांखाली असतात हे मला त्याच्याकडून कळलं. डोळ्याखालची खूण त्यातल्याच एका चेंडूची आहे. अर्धा इंच वर लागला असता तर आज आपण हे पत्र लिहीत बसलो नसतो.

काल तुझा वॉरेनही येऊन गेला. रुद्र तेव्हा पोहायला गेला होता. चहा घेतला, बाग बघितली, आणि मग मान खाली घालून विचारलं की पोरगा पितो का. म्हणाला, दिवसाच्या सामन्यांत हा पोरगा मी दहा वर्षांत बघितला नाही असा आहे, दिव्यांखाली कुणी दुसराच उभा असतो. अशी पोरं त्याने बघितली आहेत, दुपारपासून बाटली सुरू करणारी. त्याला लिहायचं आहे आणि खोटं लिहायचं नाही, म्हणून घरच्यांना विचारतोय.

मी त्याला म्हटलं, मला थोडे दिवस द्या. चौदा वेळा गप्प बसलेली बाई काल पंधराव्यांदा गप्प बसली. त्याला निरोप देताना मला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

त्या फॉर्ममध्ये डोळ्यांच्या आजारापुढे तू काय लिहिलंस?

यामिनी


कॅसल हिल
१ जानेवारी २०२५

ताई,

'नाही' लिहिलं. बस?

वॉरेनला वाटतंय ना की रुद्र पितो, वाटू दे. पिणं सुटतं. दारू पिणारी पोरं ड्राफ्टमध्ये दर वर्षी जातात, क्लब त्यांना सुधारतात, वर कौतुकही होतं. डोळ्याचं एकदा कागदावर आलं की संपलं. कोणी विचारणार नाही. तू इतकी शिकलेली आहेस, एवढा फरक तुला कळत नाही?

आणि किती आहे ते तरी कुठे माहीत आहे? नानांनी आयुष्यभर नोकरी केली, दोन मुलं वाढवली. कुणाचं काही अडलं नाही. मी मुलाला सगळ्यांना असं होतं म्हणून सांगितलं, कारण तो आठ वर्षांचा होता आणि रडत होता. शाळेच्या कॅम्पला रात्री तंबूची दोरी पायात येऊन पडला होता आणि पोरं हसली होती. बापाने काय सांगायचं असतं? तुला मूल नाही, तुला ते कळणार नाही.

हे लिहायला नको होतं. पण लिहिलंय, खोडत नाही.

तेरा वर्षं मी दर शनिवारी सकाळी उठून त्याला मैदानावर नेलंय. ऑफिसात मी पंचवीस वर्षं मान खाली घालून कोड लिहितोय, नोकरकपातीच्या पुढच्या फेरीत माझं नाव कापलं तर माझी खुर्चीसुद्धा ओळख दाखवणार नाही. माझ्या घरातलं एक नाव जगासमोर पुकारलं जावं एवढंच मला हवं होतं. तू वॉरेनला सांगितलंस तर आपलं नातं संपलं, असं समज. मुलाला घरी पाठव.

भास्कर


वॉलॉंगॉंग
५ जानेवारी २०२५

भास्कर,

मूल नाही हे खरं आहे. का नाही तेही तुला माहीत आहे. पुढे जाऊ.

वॉरेनला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ते माझं नाही आणि तुझंही नाही. मी रुद्रला सांगितलं. नानांचं, जपाचं, नारळाचं, वॉरेनच्या संशयाचं, सगळं. त्याने नारळाचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "सो आय वॉज्न्ट स्केअर्ड?" मी म्हटलं, भित्रा तू कधीच नव्हतास. तर एकवीस वर्षांचा घोडा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला, आणि ते दुःखाने होतं की सुटल्यासारखं वाटून, मला सांगता येणार नाही.

शुक्रवारी आमच्या हॉस्पिटलमधल्या ओळखीने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. नुपूर नावाची तरुण मुलगी आहे, तुमच्या बाजूच्या टूनगॅबीत वाढलेली. तासभर तपासलं. समोरचं अगदी स्वच्छ दिसतं, म्हणून तुझ्या तक्त्यावर तो ऐंशीतला. अंधारातलं जवळजवळ गेलेलं आहे. कडेचंही हळूहळू जाईल, किती आणि कधी ते आज सांगता येत नाही. काही माणसांना पन्नाशीपर्यंत फारसा त्रास होत नाही, काहींना लवकर होतो. रात्री वेगाने येणाऱ्या चेंडूखाली उभं राहायचं नाही, हे मात्र तिने तीनदा सांगितलं.

मग तिने विचारलं की घरात आणखी कुणाला आहे का. रुद्रने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आजोबांना होतं, वडिलांच्या वडिलांना. ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "मग मध्ये कोणीतरी असणार."

परत येताना गाडीत मला आठवत होतं की तू मला रात्री न्यायला विमानतळावर कधीच आला नाहीस, रहदारीचा कंटाळा येतो म्हणून. गणपतीच्या कार्यक्रमाहून आपण दर वर्षी आरतीच्या आधी निघतो, दीप्तीला दुसऱ्या दिवशी काम असतं म्हणून. ऑफिसला तू मेट्रोने जातोस, पर्यावरणासाठी. तुझी प्रत्येक गोष्ट सकाळी अकराला असते. आणि मी तीस वर्षं माणसांच्या आतलं बघायचा पगार घेते, माझ्या सख्ख्या भावाचं मला दिसलं नाही.

तेव्हा मला तुझी किळस यायला हवी होती, आणि येतेही आहे. मुलाला भित्रा ठरवून तू स्वतःला लपवलंस. पण त्याच वेळी मला तो बशा नेणारा मुलगाही आठवतो, जो संध्याकाळी चेंडू खेळायला जात नसे आणि आम्ही म्हणायचो की आमचा भास्कर किती अभ्यासू आहे.

रुद्र आज निघाला. पुढचं तो ठरवेल. त्याला अडवू नकोस.

यामिनी


कॅसल हिल
१२ जानेवारी २०२५

ताई,

तीन दिवस रुद्र माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने स्वतः वॉरेनला फोन लावला. मी मागून म्हणत होतो, शनिवारी अकराला बोलव. तो मला म्हणाला, "ना, डॅड. क्वार्टर पास्ट एट." आणि फोन ठेवला.

काल वॉरेन आला. रुद्रने त्याला घरात बसूच दिलं नाही, थेट मागच्या अंगणात नेलं. सूर्य मावळला होता. दीप्ती म्हणते की चांगला उजेड होता, शेजाऱ्यांच्या दोरीवरचे कपडे दिसत होते. मला दिसत नव्हते, पुढचं काही ऐकून आणि काही तिने नंतर सांगितलं म्हणून लिहितोय. रुद्रने त्याच्या हातात तीन चेंडू दिले आणि उंच फेक म्हणाला. पहिला त्याच्यापासून चार हातांवर पडला. दुसरा खांद्यावर आदळला, त्याचा आवाज मला ऐकू आला. तिसरा वॉरेनने फेकला नाही. मुलगा हात खाली सोडून वर तोंड करून उभाच होता.

"दॅट्स नॉट बिअर, मेट," रुद्र म्हणाला. "दॅट्स माय आइज."

वॉरेन पायरीवर बसला. बराच वेळ हॅट हातात फिरवत होता. मग म्हणाला की हे मला लिहावं लागेल. रुद्र म्हणाला, माहीत आहे, म्हणून तर बोलावलं. आजोबांना होतं, हेही त्यानेच सांगितलं. फॉर्मबद्दल तो काही बोलला नाही. मला वाचवलं त्याने. मग मीच बोललो. म्हटलं, ते खोटं मी लिहिलं, मुलाला माहीत नव्हतं. इतकी वर्षं इंग्रजीत बोलतोय, पण एवढं एक वाक्य मला दोनदा जुळवावं लागलं.

दीप्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला नानांचं काहीच माहीत नव्हतं, ताई. आपण तिला बघायला गेलो होतो ते तुला आठवतं? तू सुट्टीवर मिरजेला आली होतीस, पेढ्यांचा पुडा तुझ्याच हातात होता. ती आवाज न चढवता म्हणाली, "आपलं ठरलं तेव्हाही सकाळच होती ना?"

मी हो म्हटलं. ती आत गेली. आज दिवसभरात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली आहे.

तू माझी किळस येते असं लिहिलंस. मला काल स्वतःची आली, आणि तुझ्यापेक्षा जास्त आली. रुद्रबद्दल मला दुःख व्हायला हवं होतं, आणि पहिला विचार आला तो असा की आता नाव पुकारणार नाहीत. मुलगा अंगणात खांदा चोळत उभा होता आणि मी हा विचार करत होतो.

निघताना वॉरेनने रुद्रशी हात मिळवायला हात पुढे केला होता, मग माझ्याशी. हे दीप्तीने आतल्या खिडकीतून बघितलं आणि मला नंतर सांगितलं. रुद्रला तो दिसला नाही आणि मलाही दिसला नाही. आम्ही दोघं बाप-लेक त्याच्या समोर नुसते उभे राहिलो. शेवटी त्यानेच आमचे हात शोधून घेतले.

भास्कर


वॉलॉंगॉंग
१७ जुलै २०२५

चि. भास्कर,

जानेवारीतल्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पेढ्यांच्या पुड्याचं तू बरोबर लिहिलंस, तो माझ्याच हातात होता. त्यावर काय लिहावं ते मला सुचलं नाही. तूही त्यानंतर लिहिलं नाहीस, फोन दीप्तीच करते.

सोमवारी ड्राफ्ट संपला. दोन दिवस नावं पुकारली, त्यात रुद्रचं नव्हतं. तुला हे माहीत आहे, तू बघत बसला होतास असं दीप्ती म्हणाली. काल रुद्रशी बोलले. त्याच्या कॉलेजच्या कोचला त्याने सगळं सांगितलंय, आणि शेवटचं वर्ष तो फक्त दिवसाचे सामने खेळणार आहे. दुपारच्या एका सामन्यात कुंपणाला धडकून घेतलेल्या झेलाचं वर्णन त्याने मला वीस मिनिटं ऐकवलं. मला काही कळलं नाही. पोरगा हसत होता एवढं कळलं. वॉरेननेही त्याला पत्र लिहिलं होतं म्हणे. धावण्याचे सत्तर त्याने कमी केलेले नाहीत.

आता तुझं, नुपूरला डोळे दाखवण्याचं. फेब्रुवारीत ऑफिसात तुमच्या नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. मार्चमध्ये पाठ धरली होती. मे महिन्यात डॉक्टर सुट्टीवर होती, असं तू दीप्तीला सांगितलंस. नुपूर मे महिन्यात एक दिवससुद्धा सुट्टीवर नव्हती, मी तिच्याबरोबर रोज डबा खात होते. मुलाने एका संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहून दाखवलं, आणि चोपन्न वर्षांचा बाप सहा महिने पाठदुखीमागे लपतो. लाज नाही वाटत, असं विचारणार होते. पण लाज वाटते म्हणूनच लपतोस, हे मला कळतं. म्हणून विचारत नाही. राग मात्र अजून आहे.

पुढच्या गुरुवारी, २४ तारखेला, मी तुझी वेळ घेतली आहे. नुपूरने सकाळी अकराची देऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं आणि संध्याकाळी सव्वापाचची घेतली. या हिवाळ्याच्या दिवसांत इथे पाच वाजताच अंधारायला लागतं. सेंट्रल स्टेशनहून दुपारच्या गाडीत बस आणि उजेड आहे तोवरच पायाशी ठेवलेलं सामान आवरून ठेव. तपासणी संपेपर्यंत बाहेर पूर्ण काळोख झालेला असेल. तिथून माझं घर दहा मिनिटं चालत आहे, मध्ये दोन रस्ते आणि बऱ्याच पायऱ्या आहेत. टॅक्सी करायची नाही.

नानांचा हात आपण कधी धरला नाही. धरला असता तर लोकांना कळलं असतं.

मी तुझा धरीन. लोक बघतील, बघू देत. गाडीतून उतरलास की फलाटावरून हलू नकोस, मी तिथे येते.

तुझी,
यामिनीताई